फुकट असेल तर नको

"फुकट असेल तर नको," बाई म्हणाल्या आणि पर्सची चेन ओढून उठल्या.

कवळीकाकांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांत फोटो फुकट काढून देतो म्हटल्यावर लोकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली होती, तोंडभरून कौतुक केलं होतं, एका लांबच्या मेहुण्याने तर मिठीच मारली होती. 'नको' मात्र कोणी म्हणालं नव्हतं.

काका दातांच्या लॅबमध्ये कामाला होते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे आणि काका त्यावरून कवळ्या करायचे. एकोणिसाव्या वर्षी तिथे चिकटले, आता एक्कावन्न झाले होते. गल्लीत त्यांचं खरं नाव कोणालाच आठवत नसे. पोस्टमनसुद्धा 'कवळीकाका' अशीच हाक मारायचा.

बाई आल्या होत्या समोरच्या एका दातासाठी. नव्या दाताचा रंग शेजारच्या दातांशी जुळायला हवा म्हणून डॉक्टरांनी त्यांना सरळ लॅबमध्येच धाडलं होतं. काकांनी त्यांना खिडकीपाशी बसवलं, रंगपट्टीवरचे नमुन्याचे दात एकेक करून ओठांशी धरले आणि रंग नक्की केला. तेवढ्यात बाईंची नजर भिंतीवर गेली. तिथे एक फोटो लावलेला होता. फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे आणि त्यांच्यावर सकाळचं तिरपं ऊन. जबडे जणू कोणाची तरी चहाडी करत बसले होते.

"हा कोणी काढला?"

"मीच. आपली हौस म्हणून."

"मला माझ्या खुर्च्यांचे असे फोटो हवेत." बाईंचा जुन्या खुर्च्या दुरुस्त करण्याचा कारखाना होता. मोडकी खुर्ची उघडायची, स्प्रिंगा बदलायच्या, नवं भरण भरायचं, नवं कापड चढवायचं. एका हॉटेलवाल्याला त्याच्या दालनासाठी खुर्च्या घ्यायच्या होत्या, पण तो आधी फोटो बघणार आणि मग ठरवणार होता. "सहा खुर्च्या आहेत. किती घ्याल?"

"छे हो, पैसे कसले! छंद आहे माझा. येईन एखाद्या रविवारी, देईन काढून."

त्यावर बाई ते वाक्य बोलल्या होत्या. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "राग मानू नका. पण फुकटच्या वस्तूला नावं ठेवता येत नाहीत. आणि मला नावं ठेवायची सवय आहे. आकडा ठरवा आणि फोन करा. नाहीतर मी दुसरा कोणी बघते."

घरी येऊन काकांनी हे काकूंना सांगितलं, तेव्हा काकू एवढ्या हसल्या की त्यांना गॅस बारीक करून खुर्चीवर बसावं लागलं. त्या एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायच्या. दिवसभर लोकांची भांडणं टाइप करून त्यांना माणसांची बरीच पारख आली होती.

"शहाणी बाई आहे," त्या म्हणाल्या. "मला भेटवा."

"हसतेस काय? उद्धट वाटली मला."

"अहो, नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तुम्हाला फोटोग्राफर समजलंय."

नऊ वर्षांपूर्वी काकांनी जुना कॅमेरा घेतला होता. तेव्हापासून घराण्यात काही कार्यक्रम निघाला की हॉल बुक व्हायच्या आधी काकांना फोन यायचा. बारशी, वाढदिवस, निवृत्तीचे निरोप समारंभ. एकदा एका चुलतभावाने नवीन घराच्या गळक्या छताचे फोटो काढायला बोलावलं होतं, बिल्डरवर केस करायची होती म्हणून. काका जायचे. सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत उभे राहायचे आणि शेवटी गार झालेलं ताट हातात घेऊन कोपऱ्यात टेकायचे. मग पंधरा दिवस फोटो निवडायचे, सुधारायचे, पाठवायचे. उत्तर म्हणून एक अंगठा यायचा. कोणाचा कोणाचा तोही नाही. फुकट ते पौष्टिक, हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही.

त्यात ताईचा नंबर पहिला. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा काका अकरा वर्षांचे होते. त्यांची वेणीफणी सोडली तर बाकी सगळं ताईने केलं, असं ती स्वतःच चारचौघांत सांगायची. त्यामुळे तिला नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पण पैसे न घेण्याचं खरं कारण ताई नव्हती, मास्तर होते.

मास्तरांनी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला होता. आता दर रविवारी सकाळी ते हौशी फोटोग्राफरांचा वर्ग घ्यायचे, एका लायब्ररीच्या माडीवर. काका सहा वर्षं तिथे जात होते. उजेड कसा बघायचा, माणसाला बोलतं कसं करायचं, बटण कधी दाबायचं नाही, हे सगळं काकांना मास्तरांनी शिकवलं होतं आणि काकांना त्याची जाण होती. वर्गाचा एक अलिखित कायदा होता. मास्तर 'तयार' म्हणेपर्यंत कोणी पैसे घ्यायचे नाहीत. वर्षातून एकदा प्रत्येकाने बारा फोटो मांडायचे, मास्तर हात मागे बांधून टेबलाभोवती फिरायचे आणि निकाल सांगायचे. काकांनी सहा वेळा बारा फोटो मांडले होते. सहाही वेळा मास्तर म्हणाले होते, "छान आहेत. पण अजून नाही."

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर काका मागे थांबले. बाईंची हकिगत सांगितली.

मास्तरांनी चष्मा पुसला. "अजून नाही."

"कमी काय पडतंय, ते तरी सांगा."

"हे बघ, एकदा पैसे घेतलेस आणि काम बिघडलं की नाव गेलं. नाव कवळी नाही, दुसरी करून बसवता येत नाही. घाई कसली आहे तुला? पोटापाण्याचं चाललंय की."

"पण मला कळणार कसं, तयार झालो ते?"

"मी सांगेन ना," मास्तर म्हणाले आणि खिडक्या लावायला उठले.

जिना उतरताना काकांच्या डोक्यात ते 'मी सांगेन ना' फिरत राहिलं. सहा वर्षं त्यांना त्याच शब्दांचा आधार वाटत आला होता. आज पहिल्यांदा ते खड्यासारखे टोचले.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये एक डबी परत आली. आत त्यांनीच गेल्या आठवड्यात केलेली वरची कवळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी: 'उजवीकडे मागे टोचते.' काकांनी ती उलटीपालटी केली, जागा शोधली, मशीन चालू केलं आणि घासायला घेतली. पाच मिनिटांचं काम. कवळी घासून, चकचकीत करून पुन्हा डबीत ठेवताना त्यांचा हात थांबला.

महिन्यातून अशा चार-पाच कवळ्या परत येत. बत्तीस वर्षांपूर्वी तर तीनातली एक परत यायची. एकोणीस वर्षांचे होते ते, धड वाकवता येत नव्हती तार. तरी पहिल्या महिन्याचा पगार त्यांनी घेतला होता आणि ताईला पंखा आणला होता. त्या दिवशी तुम्ही तयार आहात का, असं कोणी विचारलं नव्हतं. लॅबच्या म्हाताऱ्या मालकांनी एवढंच सांगितलं होतं, "परत आली तर रडायचं नाही. घासायची."

'मग फोटोलाच काय सोन्याचे दात लागलेत?' काका मनाशी म्हणाले. आणि मग त्यांना राग आला. मास्तरांचा थोडा, स्वतःचा जास्त.

संध्याकाळी त्यांनी काकूंना समोर बसवलं. "तू त्या खुर्चीवाल्या बाई हो. मी आकडा सांगतो."

काकू पदर खोचून बसल्या. "किती घ्याल?"

काका खाकरले. आकडा त्यांनी दुपारीच ठरवला होता, दोन दिवसांच्या पगाराइतका. "म्हणजे तसं बघायला गेलं तर... साधारण..."

"ऐकू आलं नाही."

काकांनी आकडा सांगितला. शेवटचा शब्द घशातच विरला.

"खाकरायचं नाही," काकू म्हणाल्या. "आणि आकडा सांगून झाला की गप्प बसायचं. आमच्या वकीलसाहेबांचं एवढंच तर कसब आहे. फी सांगतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात."

सातव्या वेळी काकांचा आवाज सरळ निघाला. त्यांनी तसाच फोन उचलला, बाईंना आकडा सांगितला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मग बाई म्हणाल्या, "बरं. निम्मे आधी देईन, निम्मे काम पटल्यावर. रविवारी सकाळी या."

त्या रविवारी सहा वर्षांत पहिल्यांदा काका वर्गाला गेले नाहीत.

बाईंचा कारखाना म्हणजे एक लांब खोली होती. एका भिंतीला कापडाचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला उघड्या खुर्च्यांचे सांगाडे आणि मधे बाई, तोंडात बारीक खिळे धरून. एकेक खिळा जिभेने पुढे आणायचा, हातोडीच्या टोकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. त्या खिळे तोंडात ठेवूनच बोलायच्या. काकांना दातांची काळजी वाटली. सहा तयार खुर्च्या खिडकीजवळ मांडल्या होत्या. त्यातली एक गडद हिरव्या मखमलीची होती. तिच्यावर बाईंचा विशेष जीव होता, हे त्यांच्या हात फिरवण्यावरून कळत होतं.

काकांनी तीन तास फोटो काढले. वरचे दिवे लावले, स्टँड हलवला, गुडघे टेकून काढले, स्टुलावर चढून काढले. निम्मे पैसे खिशात होते, त्यामुळे एरवी जे बटण सहज दाबलं जायचं ते दाबताना बोट जड झालं होतं. मंगळवारी संध्याकाळी ते छापील फोटो पाकिटात घालून कारखान्यात गेले.

बाईंनी फोटो एकेक करून पाहिले. हिरव्या खुर्चीपाशी थांबल्या. फोटो उचलून खुर्चीच्या पाठीला लावला.

"हा माझा हिरवा नाही."

"कॅमेऱ्यात थोडाफार फरक पडतोच," काका म्हणाले.

"थोडाफार? ही निळी दिसतेय. शाई सांडल्यासारखी. हॉटेलवाला फोटोवरून निळी समजून घेईल आणि खुर्ची पोचली की माझ्या अंगावर परत टाकेल."

काकांच्या कानात मास्तरांचं 'नाव गेलं' वाजलं. त्यांनी खिशात हात घातला आणि घाईघाईने म्हणाले, "मग पैसे राहू द्या. हे तुमचे आगाऊ दिलेले घ्या परत. मी मुळात सांगितलंच होतं, मी काही..."

बाईंनी तोंडातले खिळे तळहातावर काढले. कारखान्यात काकांनी त्यांचा मोकळ्या तोंडाचा आवाज अजून ऐकलाच नव्हता. चांगलाच खणखणीत होता.

"पैसे परत देऊन सुटता होय? मग मी हॉटेलवाल्याला काय दाखवू, तुमच्या नोटा? माझी खुर्ची कुरकुरते म्हणून परत येते ना, तेव्हा मी पैसे परत देत नाही. खुर्ची उघडते. बसा तिथे आणि विचार करा, काय चुकलं ते."

काका बसले. कान तापले होते. एक्कावन्नाव्या वर्षी कोणीतरी शाळेतल्यासारखं बसवलं होतं, आणि गंमत म्हणजे उठून जावंसं वाटत नव्हतं. त्यांनी फोटो हातात घेतला. दिव्याखाली धरला, मग खिडकीशी नेऊन संध्याकाळच्या उजेडात धरला. मग खुर्चीकडे बघितलं. तिच्या डाव्या अंगावर बाहेरचा उजेड होता, उजव्यावर ट्यूबलाइटचा, आणि दोन्ही बाजूंचा हिरवा दोन तऱ्हेचा दिसत होता.

"गाढव आहे मी," काका म्हणाले.

"ते ठीक आहे. चुकलं काय?"

"मी बत्तीस वर्षं प्रत्येक माणसाला सांगतो, दाताचा रंग बघायचा तर दिवे बंद करा, खिडकीशी बसा. तुम्हालाही तसंच बसवलं होतं. आणि खुर्चीचा रंग बघताना मी स्वतःच दिवे लावले."

काकांनी बुधवारी लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. या वेळी कॅमेऱ्याबरोबर दातांची रंगपट्टीही नेली. सगळे दिवे बंद करायला लावले. हिरव्या खुर्चीच्या हातावर नमुन्याचा एक दात ठेवला आणि पहिला फोटो त्याच्यासकट काढला. त्या दाताचा पांढरा काकांना झोपेतही ओळखता आला असता. घरी कॉम्प्युटरवर आधी तो दात दातासारखा दिसेपर्यंत रंग जुळवायचा, मग खुर्ची आपोआप जागेवर येईल, असा हिशेब होता. बाईंनी तळहाताने मखमलीची लव एका दिशेने बसवली. "उलटी फिरली की काळी दिसते," त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली आणि ढग सरकायची वाट बघत दहा मिनिटं नुसते उभे राहिले.

शुक्रवारी बाईंनी नवा फोटो खुर्चीला लावला. बराच वेळ बघितला.

"हा माझा हिरवा," त्या म्हणाल्या. लगेच पुढच्यावर गेल्या. "पण हिचा मागचा पाय अर्धा कापलाय."

"दुसरा आहे. पुरा पाय असलेला."

"मग तोच आधी का नाही दिलात?"

काकांना हसू फुटलं. असं नावं ठेवून घेण्यात सुख असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. बाईंनी उरलेले पैसे दिले, काकांनी घेतले आणि दातखीळ बसल्यासारखे नुसतेच मान हलवून बाहेर पडले. हॉटेलवाल्याने पुढे सहापैकी चार खुर्च्या घेतल्या. त्यात हिरवी होती.

पुढच्या रविवारी वर्गात सगळे जमल्यावर काका उभे राहिले. लपवून ठेवणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"मास्तर, मी त्या खुर्च्यांचे पैसे घेतले."

मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे होते. ते सावकाश वळले.

"मला न विचारता?"

"विचारलं होतं. सहा वेळा."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

"अजून नाही म्हणाला होतात."

"सहा वर्षं शिकवलं ते यासाठी?"

"यासाठीच," काका म्हणाले. ते बसले नाहीत. "नाहीतर कशासाठी शिकवलंत, मास्तर?"

मास्तरांनी फोटो मागितले. काकांनी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली, पहिलं बिघडलेलं आणि दुसरं नीट झालेलं. मास्तर हात मागे बांधून टेबलाभोवती फिरले.

"हा बिघडलाय."

"हो. बाईंनीही सांगितलं. म्हणून परत काढला."

"आज खुर्ची होती. खुर्ची थांबते. उद्या लग्नाचं काम घेशील. लग्न परत लागत नाही, कळतंय का?"

हे बोलणं काकांना लागलं, कारण ते खरं होतं. "कळतंय," ते म्हणाले. "लग्नाला दोन कॅमेरे नेईन. आदल्या दिवशी हॉल बघून येईन. तरी भीती वाटेल. पण ती भीती तुम्ही तयार म्हणालात म्हणून जाणार नाही. तुमची गेली का चाळीस वर्षांत?"

मास्तरांनी फोटो पुन्हा पाकिटात घातले, अगदी कडा न दुमडता. मग म्हणाले, "तू तयार आहेस असं मी म्हणालेलो नाही. कोणाला माझं नाव सांगायचं नाही."

"नाही सांगणार. माझंच सांगेन."

त्यानंतर मास्तर काकांशी मोजकंच बोलत. काका मात्र वर्गाला जात राहिले. मास्तरांना उजेडाबद्दल अजून बरंच माहीत होतं, आणि ते शिकायला परवानगी लागत नव्हती.

दोन महिन्यांनी ताई घरी आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. चहाचा कप हातात घेऊन ती हॉलचं, कपड्यांचं, पाहुण्यांचं सगळं सांगत बसली आणि शेवटी म्हणाली, "फोटोंची काय, चिंताच नाही. तू आहेसच."

काकूंनी हातातली सुरी खाली ठेवली.

"ताई," काका म्हणाले, "मी मामा म्हणून येईन, नाहीतर फोटोग्राफर म्हणून येईन. मामा म्हणून आलो तर कॅमेरा आणणार नाही. बसेन, जेवेन, गप्पा मारेन. फोटोग्राफर म्हणून आलो तर माझा दर आहे." त्यांनी आकडा सांगितला, न खाकरता, आणि खिडकीबाहेर बघितलं.

"काय?" ताईचा कप बशीत आदळला. "सख्ख्या बहिणीकडून पैसे घेणार तू? आई गेल्यावर कोणी वाढवलं रे तुला? हेडमास्तरांकडे दाताच्या कण्या करून शाळेत घातलं, ते काय हे ऐकायला?"

"तू वाढवलंस. ते मी जन्मभर फेडलं तरी फिटणार नाही, आणि फोटो काढून तर नाहीच फिटणार. म्हणून ते त्यात घालू नकोस."

"शिंगं फुटलीत तुला."

"थोडी फुटलीत."

ताई रागाने उठली, चपला घातल्या, दार उघडलं. आणि दारातच वळून म्हणाली, "ठीक आहे. पैसे घेणार ना? मग मी सांगेन तसे काढायचे. नऊ वर्षं तू माझे फोटो खालून काढतोयस. प्रत्येक फोटोत मला दोन हनुवट्या. धाकट्याच्या वाढदिवसाला तर तीन होत्या."

काका बघतच राहिले. "कधी बोलली नाहीस ते!"

"फुकट काढत होतास. कोणत्या तोंडाने बोलणार? आणि ती फ्रेम तू मला दिलीस ना, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची, ती कपाटामागे आहे. तुम्ही यायच्या दिवशी काढून लावते."

काकू स्वयंपाकघरात पळाल्या. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. काकांना एकदम वाईट वाटलं, मग लाज वाटली, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. नऊ वर्षं ते समजत होते की आपण उपकार करतोय, आणि ताई समजत होती की आपण सोसतोय.

"ये, बस आत," ते म्हणाले. "काय काय आवडलं नाही, सगळं सांग. मी लिहून घेतो."

ताई पुन्हा आत आली. यादी दोन पानं झाली. मग तिने दर निम्मा करायला सांगितला. काकांनी नाही म्हटलं. मग पाव भाग कमी करायला सांगितला. काकांनी तेही नाही म्हटलं. "बाहेरचे बरे," ती म्हणाली आणि आगाऊ रक्कम देऊन गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी काका हॉल बघून आले. व्यासपीठावर जांभळे आणि निळे फिरते दिवे लावले होते. काकांनी व्यवस्थापकाला सांगितलं, घरच्या माणसांचे फोटो होईपर्यंत हे बंद ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ते चालूच होते. नवरदेवाचे वडील म्हणाले, "राहू द्या हो, शोभा आहे. तुम्ही काय घरचेच, घ्या चालवून."

फुकटचे मामा असते तर काकांनी चालवून घेतलं असतं.

"आज मी घरचा नाही," काका म्हणाले. "आज फोटो माझ्या नावावर जाणार आहेत. या उजेडात तुमची सून जांभळी दिसेल. दिवे बंद होईपर्यंत मी बटण दाबणार नाही."

त्यांनी खरंच कॅमेरा खाली केला आणि उभे राहिले. पाहुणे बघायला लागले. ताईच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला. ताई मात्र व्यासपीठावरून खाली आली, तरातरा व्यवस्थापकाकडे गेली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पैसे मोजलेत मी त्याला! तो सांगतो तसं करा!"

दिवे बंद झाले. काका स्टुलावर चढले आणि ताईला वरून घेतलं.

दुपारी एका कॅमेऱ्याने मान टाकली. पण काकांच्या गळ्यात दुसरा होता, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचंच नुकसान झालं. त्या अर्ध्या मिनिटात नवरीच्या आजेसासूबाई येऊन आशीर्वाद देऊन गेल्या. तो फोटो कायमचा हुकला. काकांनी तो लपवला नाही. संध्याकाळी स्वतःच जाऊन आजींना सांगितलं, त्यांची माफी मागितली आणि त्यांचा नातसुनेबरोबर वेगळा फोटो काढला. आजी म्हणाल्या, दुपारपेक्षा आता माझे पाय कमी दुखतायत, बरंच झालं.

पंधरा दिवसांनी ताईने तक्रारींची यादी पाठवली. चाळीस फोटो. काकांनी अडतीस सुधारले, काही कापले, काही उजळ केले, काहींत ताईचंच बरोबर होतं हे मान्य केलं. उरलेल्या दोन फोटोंना हात लावला नाही. दोन्ही मुलगी निघतानाचे होते. ताईचा चेहरा रडून वेडावाकडा झाला होता, नाक लाल, केस सुटलेले, आणि ती मुलीच्या पाठीवरची चुणी सरळ करत होती.

"हे काढून टाक," ताई फोनवर म्हणाली. "भुतासारखी दिसतेय मी."

"तुला छापून नको असतील तर नको छापूस. पण मी ते पुसणार नाही आणि बदलणारही नाही. मी काढलेले सगळ्यात चांगले फोटो आहेत ते."

"पैसे मी दिलेत."

"कामाचे दिलेस. डोळे माझे आहेत."

ताईने फोन आपटला. काकांनी उरलेल्या रकमेचं बिल तिला पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी सगळी रक्कम आली, आणि पाठोपाठ भाचीचा निरोप आला: मामा, आई नको म्हणतेय ते दोन मला हवेत, मोठ्या आकारात, किती होतील?

काकांनी आकडा लिहिला आणि पाठवला.